तिसरी रात्र



मी डॉक्टर नाही. दहावी पास, गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. तरी आज दारूवर बोलणार. कारण गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाला आपण मारलं. आपण म्हणजे मी आणि इथंच बसलेली चार पोरं.

दादा गटारसफाईत होता. पावशेर मारल्याशिवाय मॅनहोलात माणूस उतरत नाही. तो वास शुद्धीवर घेऊन दाखवा, मग आम्हाला दारुडे म्हणा. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी घातली. माणूस उतरतोच आहे. वर त्याच्या क्वार्टरवर सरकार करही घेतं!

पुढं कामाला खाडा असला तरी दादाला सकाळी उतारा लागायचा. नाही घेतला तर चहाचा कप धरवायचा नाही. आम्ही म्हणायचो, मनाचा कच्चा. तसं नव्हतं. दारू मेंदूला गुंगी आणते. रोज पडली की मेंदू उलटा जोर लावून जागा राहायला शिकतो. दारू एकदम काढली तरी जोर तसाच राहतो, आणि माणूस पेटतो.

आम्हाला कुठं ठाऊक? १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोसमोर त्याला शपथ घ्यायला लावली. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे, ती मलाही पाळायचीय. पण आम्ही ती दंडुक्यासारखी वापरली. दादानं शब्द पाळला. पहिल्या रात्री घाम, ओकाऱ्या. दुसऱ्या रात्री फीट. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून उंदीर उतरताना दिसायला लागले. मला मुकादम समजून हात जोडत होता. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, नाटकं, प्यायला पायजे. आम्ही त्याला खाटेला बांधला. सकाळी हॉस्पिटलात नेला, दुपारी गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या रात्रीच आणायचा होता. झोपेच्या जातीचं औषध देऊन ते हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. बहुतेक जण वाचतात.

म्हणून सांगतो, ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याची दारू घरात एकदम तोडू नका. आधी दवाखाना. घरच्या बायांनाही सांगा, दारू सोडवायची गोळी चोरून जेवणात कालवू नका. वरून दारू पडली तर जिवावर बेततं. आणि आठ दिवसांत अंगातली दारू उतरते, ओढ उतरत नाही. त्याला महिने लागतात, औषध लागतं, बोलायला माणूस लागतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला फी नाही, जातही कुणी विचारत नाही असं ऐकतो. परत प्यायला तर परत न्यायचा. दम्याच्या माणसाला परत धाप लागली तर आपण त्याला शिव्या देतो का?

नाक्यावरचा एक जण काल म्हणाला, मीपण सोडतो. त्याचे हात मी बघितलेत. उद्या माझी रात्रपाळी सुटली की त्याला ओपीडीत न्यायचाय. धरायला अजून एक जण हवा. कोण येतो?