डोलकाठीची पावसाळी तपासणी

वैनगंगेच्या पात्रांत डोंगा लोटणाऱ्या ढिवराला डोलकाठीची गरज नसते. त्याचा सारा भरंवसा हातांतल्या बांबूवर. तो पाण्यांत टेंकण्यापूर्वीं पेरापेरावरून नजर फिरते. चीर दिसली कीं बांबू बाजूस पडतो. भर प्रवाहांत बांबू मोडणें म्हणजे काय, हें भंडारा जिल्ह्यांतल्या नदीकांठच्या पोरासही सांगावें लागत नाहीं. समुद्रावरील शिडाच्या नौकेच्या डोलकाठीस हाच न्याय लागू पडतो. मात्र तेथें चीर इतक्या सहज दिसत नाहीं. आणि ती शोधावयाचा काळ म्हणजे नौका किनाऱ्यावर विसावलेली असते तो, आपल्याकडे ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचा.

जुन्या गलबतांची डोलकाठी लांकडाची व दोर काथ्याचे असत. दोर झिजला तर तें तांडेलाच्या तळहातास कळे. आजच्या शिडाच्या नौकांची डोलकाठी बहुधा पोकळ असते, ॲल्युमिनियमची किंवा कार्बनच्या तंतूंची. आणि तिला चहूंकडून ताणून धरतात त्या पोलादी तारा. गोव्यांत बांधलेल्या व १८ फेब्रुवारी २०१७ रोजीं नौदलांत दाखल झालेल्या ‘तारिणी’ची डोलकाठी सुमारें २५ मीटर उंच आहे. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत सहा महिला अधिकारी तिच्यांतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या व मे २०१८ मध्यें गोव्यास परतल्या. एवढा उंच खांब स्वतःच्या बळावर वादळास तोंड देत नाहीं. भर वाऱ्यांत एक मुख्य तार तुटली कीं तो बहुधा जातोच.

तो गेला म्हणजे काय होतें, हें त्याच वर्षीं जगानें पाहिलें. ‘थुरिया’ ही नौकाही गोव्यांतच बांधलेली. मुंबईंत सागवानाच्या बांधलेल्या ज्या ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं एकट्यानें, कोठेंही न थांबतां केलेली पृथ्वीप्रदक्षिणा २२ एप्रिल १९६९ रोजीं पुरी केली, तिची ही प्रतिकृति. ‘थुरिया’वर नौदलाचे अभिलाष टॉमी एकटेच होते. २१ सप्टेंबर २०१८ च्या सुमारास दक्षिण हिंदी महासागरांतील वादळानें नौका उलटविली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. उठतां येईना. उपग्रहामार्फत त्रोटक संदेश पाठवीत ते पडून राहिले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांना उचलून घेतलें. त्या लाटांपुढें तपासणीचा काय पाड, असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु प्रत्येक डोलकाठी अशा वादळांतच मोडते असें नाहीं. कित्येक मोडतात त्या साध्या वाऱ्यांत, बोटाएवढ्या एखाद्या खिळीपायीं.

तार सहसा मध्यें तुटत नाहीं. एकोणीस पोलादी तंतूंचा पीळ जेथें धातूच्या टोंकांत दाबून बसविलेला असतो, तेथें ती दगा देते. नौका वाऱ्यावर कलली कीं एका बाजूच्या तारा ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या सैल पडतात. असें लक्षावधि वेळां झालें कीं धातु थकतो. त्यांतही खालच्या टोंकाकडे आधीं पाहावें, कारण तारेवरून ओघळलेलें खारें पाणी तेथें साचतें. तांबूस ओघळ दिसला तर तो पुसून समाधान मानूं नये. त्याच्या मुळाशीं जावें. तारेवरून कापसाचा बोळा हळूं फिरवावा. तंतु तुटला असेल तेथें कापूस अडकतो, बोटही वांचतें. धातूच्या टोंकावर तांबडें पातळ रंगद्रव्य लावून पुसून घेतात व वर पांढरी भुकटी फवारतात. केंसाएवढी भेग असली तरी तींत शिरलेला तांबडा रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. अशी रेघ दिसल्यावर तो भाग दुरुस्त करीत बसण्यांत अर्थ नाहीं, तो बदलावयाचा. येथें काटकसर करणारा मालक मागाहून संपूर्ण डोलकाठीचे दाम मोजतो.

ॲल्युमिनियमच्या काठींत पोलादी स्क्रू असतो, तेथें खाऱ्या पाण्यानें विजेच्या घटासारखी क्रिया चालूं होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतें. दोन धातूंमध्यें लेप भरणें हाच उपाय.

आतां पोकळीतून शेंड्याकडे जाणाऱ्या विजेच्या तारांविषयीं. मार्गदीप, नांगर टाकल्यावरचा दिवा, बिनतारी यंत्राची आकाशतार, वाऱ्याचा वेग दाखविणारें यंत्र, या सर्वांचा संसार शेंड्यावर असतो. जुनी तार उपटून काढणें सोपें. नवी वर घालणें महाकठीण. म्हणून जाणता कारागीर जुन्या तारेच्या शेपटास बारीक दोरी बांधून मगच ती ओढतो. मागें राहिलेली दोरी नव्या तारेस वाट दाखविते. तार नळींतून न्यावी, नाहींतर ती रात्रभर भिंतीवर आपटत राहते. झोंप तर जातेच, पण आवरणही झिजतें. वरच्या टोंकास तिला आधार द्यावा, तिचें वजन जोडावर लोंबकळूं नये. जाडींतही कंजूषपणा करूं नये. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेंतून वीस मीटर उंचीवर दोन ॲम्पियर प्रवाह नेला तर जाण्यायेण्यांत जवळजवळ एक व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. बारा व्होल्टांच्या घरांत एक व्होल्ट म्हणजे थोडका नव्हे. दिवा मिणमिणतो, आणि काळोखांत समोरून येणाऱ्या जहाजास तो उशिरां दिसतो. साध्या तांब्याऐवजीं कल्हई केलेलें तांबें घ्यावें, आणि डब्यांत शिरण्यापूर्वीं तारेस खालीं एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून पडतें.

हें सर्व काठी उतरवून, घोड्यांवर आडवी ठेवूनच करावें. उभ्या काठीवर झुल्यांत बसून चढणारा माणूस एका हातानें स्वतःस धरतो आणि दुसऱ्यानें काम करतो. अर्धी नजर खालींच असते. अगदींच चढणें भाग पडलें तर दोन स्वतंत्र दोर हवेत, एक उचलण्यास व एक जिवासाठीं.

काठी पुन्हां उभी करण्याच्या आदल्या दिवशीं, ती आडवी असतांनाच, प्रत्येक दिवा एकदां लावून पाहतात, बिनतारी यंत्रावरून कोणाशीं तरी बोलून घेतात आणि खिळींच्या टोंकांवरून पुन्हां हात फिरवितात. दुसऱ्या दिवशीं तेंच टोंक वीस-पंचवीस मीटर वर गेलेलें असतें.