ठरेल तेव्हा ठरेल
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून, भाषणाची सवय नाही. अनिश्चिततेवर बोला असे मंडळाने सांगितले, म्हणून आपल्या गावाचेच बोलतो.

सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय एकेकाळी इथे धारवाडात होते. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेबरोबर एक झाली आणि कार्यालय मद्रासला गेले. पुढे १९१७ साली निघालेले कर्नाटक कॉलेज त्याच इमारतीत आले. १९०८ साली हे कोणाला सांगता आले असते?

मग १ नोव्हेंबर १९५६. मुंबई राज्यातला धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एका रात्रीत राजधानी मुंबईची बंगळूर झाली. काही घरे पुण्या-मुंबईला गेली, त्यांना नावे ठेवू नयेत. राहिलेल्यांना कानडी परके नव्हतेच, बाजारात आणि शेजारी तेच बोलत होते. आता अर्जही कानडीत लिहायची वेळ आली, तर तेही शिकले. बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या सोयऱ्यांचा प्रश्न तर अजून लोंबकळतो आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, निकाल नाही. पण त्यासाठी कोणी मुलांच्या मुंजी आणि शाळा थांबवल्या नाहीत.

आमच्या पेशातही तेच. धारवाडला मुख्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ ला दुसऱ्या ग्रामीण बँकेबरोबर एक झाली आणि मुख्यालय बळ्ळारीला गेले. आपल्याला कोणी विचारले नाही. १९५६ सालीही विचारले नव्हते.

जे आपल्याला विचारून ठरते, तिथे मात्र आपण गप्प बसतो. मुले पुण्यात, बंगळुरात, काहींची अमेरिकेत. मळमड्डीच्या घरात दोघेच. घर ठेवायचे की विकायचे, आपण मुलांकडे जायचे की कसे, विचारले की उत्तर एकच, “ठरेल तेव्हा ठरेल.” मग एक दिवस काका जातात आणि तेराव्यानंतर काकू माझ्या काउंटरपुढे उभ्या राहतात. खाते एकट्या काकांचे, नॉमिनी नाही. घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर, पुतणे पाच गावी. पैसे घरचेच, पण मिळायला महिने लागतात. अशा वेळी त्यांच्याकडे एकेक कागद मागणे मला फार जड जाते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, हिस्से ठरवून. (तारीख पुन्हा राज्योत्सवाचीच!) पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने रक्कम घेतो. घरासाठी मृत्युपत्रच हवे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. शब्द अशुभ वाटतो, हे मला कळते. पण मृत्युपत्र करून वीस वर्षे सुखाने जगलेली माणसे मी पाहिली आहेत! आणि ते कधीही बदलता येते. मुलगा परत येणार की नाही हे ठरले नसले तरी आज लिहावे, ठरले की पुन्हा लिहावे.

पुढच्या रविवारी पासबुके घेऊन मंडळात या. नॉमिनीचे फॉर्म मी आणतो. आजोबांच्या नावाचे उतारेही आणा, एक वकील बसणार आहेत.