नमुना नाणं आणि चलनातलं नाणं



मेळाव्याचं ठरल्यापासून आपल्या ग्रुपवर घरच्या जुन्या नाण्यांचे फोटो येत आहेत. अमरावती असो की अकोला, प्रश्न एकच: "हे जरा वेगळं दिसतं. नमुना नाणं आहे का? किती लाख येतील?"

नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळ आधी मोजके नग पाडून वरिष्ठांना दाखवते. ते नमुना नाणं. पसंत पडलं की लाखोंनी पाडून लोकांच्या हाती जातं, ते चलनी नाणं. ब्रिटनच्या आठव्या एडवर्डची बाराकोनी पितळी तीन पेन्सची काही नाणी विक्रीयंत्रांत चालतात का हे पाहायला दिली होती. राजाने १९३६ मध्ये गादी सोडली, नाणं चलनात आलंच नाही. परत न आलेले थोडे नग आज संग्राहकांकडे आहेत. हा खरा नमुना.

आता आपल्याकडचं पाहू. एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, मुघल काळात टांकसाळ होती. नाणी हातोड्याने पाडत. ठसा मोठा, चकती लहान. म्हणून एकाच ठशाच्या दोन रुपयांवर अक्षरं वेगवेगळी उमटलेली दिसतात. तो नमुना नव्हे.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. बरेचसे रुपये वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. १९११ चा रुपया दुर्मीळ खरा, पण चलनातलाच.

एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ हे साल, अशी नाणी तर घरोघरी आहेत. कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. ते देवघरात ठेवा, लाखांची आशा ठेवू नका.

मग ओळखायचं कसं? आधी सूचीत पाहा, त्या सालचं ते नाणं निघालं होतं का. मग सोनाराच्या काट्यावर वजन करा. १८३५ नंतरचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला असेल तर किंचित कमी. मग धातू आणि कड तपासा. सगळं जुळलं तर नाणं चलनातलं, कितीही चकचकीत असो. जुळलं नाही तर पहिला संशय नकलेचा घ्या, नमुन्याचा सगळ्यात शेवटी. जे लोकांच्या हाती दिलंच नाही, ते आजीच्या पेटीत सहसा कसं येईल? खऱ्या नमुन्यामागे तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद लागते.

रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केलं आहे: जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कोणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. "आधी पैसे भरा" म्हणणाऱ्याचा फोन लगेच ठेवा.

आणि नाणं चिंचेने, राखेने घासू नका. त्याने किंमत उतरते. पुढच्या वेळी ग्रुपवर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाका, सोबत वजन लिहा. आपण मिळून पाहू.