आईबापांच्या पश्चात पालक कोण?



बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईबापांना एकच चिंता अहोरात्र छळते: आपल्या मागे याचे कोण? त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मूल १८ वर्षांचे होताच त्यांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपुष्टात येते. घास भरविणारी आई तीच असते. परंतु सातबारावर मुलाचे नाव असेल, तर त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिला उरत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने यावर मार्ग काढला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती तीत असतात. आईवडील वा नातेवाईक अर्ज करू शकतात.

पालकत्व म्हणजे मालकी नव्हे, हे भाऊबंदांना बजावून सांगावे लागते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च पालकाने सादर करावयाचा असतो. हेळसांड वा अपहार झाल्यास तक्रार करता येते व चौकशीअंती पालकास दूर करता येते.

वकिलाची गरज भासल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये अपंग व्यक्तीस विनामूल्य साहाय्य मिळते. त्यास उत्पन्नाची अट नाही.

मुलाची जन्मतारीख शाळेच्या पटावर असतेच. अठरावे वर्ष जवळ आले, की शिक्षकाने अथवा सरपंचाने घरी जाऊन एवढे सांगावे. म्हणजे आईबाप हयात असतानाच अर्ज दाखल होईल.