जर्मन शिकताना मराठीचे भांडवल
(परिचर्या व औद्योगिक प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परकीय भाषा शिकणे हा एके काळी मोठ्या शहरातील मोजक्या घरांचा छंद समजला जात असे. आज ती स्थिती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जर्मन सरकारने भारतातील कुशल कामगारांना दरवर्षी द्यावयाच्या प्रवेशपरवान्यांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याचे ठरविले. त्यामुळे परिचारिका, वीजतंत्री, जोडारी आणि स्वयंपाकी होऊ पाहणारी आपल्या तालुक्यातील मुलेमुली आज जर्मन भाषेचे पुस्तक हाती घेऊ लागली आहेत.

परंतु यांपैकी अनेकांच्या मनात एक भीती घर करून बसलेली असते. “माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, मला इंग्रजीच नीट येत नाही, तेथे जर्मन कशी येणार?” अशी ती भीती आहे. ती निराधार आहे, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. जर्मन भाषेच्या दारापाशी पोहोचण्यासाठी इंग्रजीच्या पुलावरून जावेच लागते असे नाही. मराठीतून जाणारी वाट अनेक ठिकाणी अधिक जवळची आहे.

प्रथम लिंगाचा विचार करू. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नाही; हिंदीत दोनच लिंगे आहेत. मराठीने मात्र संस्कृतातील तिन्ही लिंगे टिकवून ठेवली आणि जर्मननेही तिन्ही टिकवली आहेत. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. म्हणूनच निर्जीव वस्तूलाही लिंग असते ही कल्पना आपल्याला नव्याने पचवावी लागत नाही. अर्थात, कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे मात्र दोन्ही भाषांत जुळेलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, तर जर्मनांचा सूर्य, ‘डी झोनऽ’, स्त्रीलिंगी आहे. आपली खुर्ची स्त्रीलिंगी, तर त्यांची, ‘डेअर श्टूल’, पुल्लिंगी आहे. म्हणून पहिला नियम असा की, कोणतेही नाम एकटे पाठ करू नये. ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘डास’ हे त्याचे उपपद आणि त्याचे अनेकवचन यांसह ते पाठ करावे. वहीत तीन लिंगांसाठी तीन रंगांची शाई वापरली तर डोळ्यांचीही मदत होते.

दुसरी गोष्ट विभक्तीची. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. परंतु ज्याने शाळेत “मी, मला, माझा” ही रूपे चालविली आहेत, त्याला सर्वनामाचे रूप बदलते याचे आश्चर्य वाटू नये. एक उदाहरण घ्या. “मला थंडी वाजते” असे आपण म्हणतो; “मी थंड आहे” असे म्हणत नाही. जर्मन मनुष्यही “मिअर इस्ट काल्ट” असेच म्हणतो, आणि ‘मिअर’ म्हणजे आपले ‘मला’. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी “इश बिन काल्ट” असे म्हणतो. त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य आहे’ असा होऊ शकतो. “ते मला आवडते” या वाक्याची जर्मन रचनाही अशीच आहे. तेथेही आवडणारी वस्तू कर्ता असते आणि ज्याला आवडते तो ‘मला’च्या रूपात येतो.

तिसरी गोष्ट वाक्यरचनेची. “मला माहीत आहे, की तो आज येतो” हे वाक्य पाहा. यातील ‘की’नंतरचा भाग जर्मनमध्ये “डास एअर हॉइटऽ कोम्ट” असा होतो. डास म्हणजे की, एअर म्हणजे तो, हॉइटऽ म्हणजे आज आणि कोम्ट म्हणजे येतो. शब्दाखाली शब्द तंतोतंत बसतो. गौणवाक्यात क्रियापद शेवटी टाकण्याची जर्मन रीत इंग्रजी भाषकांना फार छळते. आपण तर क्रियापद शेवटी ठेवूनच लहानाचे मोठे झालो आहोत. सावध राहावयाचे ते मुख्य वाक्यात. साध्या विधानात तेथे क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि हा नियम सवयीनेच अंगवळणी पाडावा लागतो.

चौथी गोष्ट समासांची. लांबलचक जर्मन शब्द पाहून विद्यार्थी दबकतात. वास्तविक ज्याने तत्पुरुष समासाचा विग्रह केला आहे त्याला त्यात भिण्यासारखे काही नाही. रुग्ण आणि आलय मिळून रुग्णालय होते, तसेच ‘क्रांकन’ आणि ‘हाउस’ मिळून ‘क्रांकनहाउस’ होते. आपण हातमोजा म्हणतो, ते हाताचा बूट, म्हणजे ‘हान्टशू’, म्हणतात. आपल्या ‘देवघर’ शब्दाचे लिंग ‘घर’ ठरविते. जर्मन सामासिक शब्दाचे लिंगही शेवटचे पद ठरविते. म्हणून लांब शब्द शेवटाकडून फोडावा.

संख्यावाचनात तर हे साम्य रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. इंग्रजीत आधी वीस आणि मग पाच म्हणतात. जर्मनमध्ये ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे पाच आणि वीस, असे म्हणतात. आपल्या ‘पंचवीस’मध्येही पाच आधी आणि वीस नंतर आहे. इंग्रजी क्रमाने ऐकण्याची सवय जडलेल्याच्या हातून २५ ऐवजी ५२ लिहिले जाण्याचा धोका असतो आणि औषधाच्या मात्रेत ही चूक क्षम्य नाही. मराठी अंक मनात ठेवून ऐकणाऱ्याला हा धोका कमी. एवढेच लक्षात ठेवावे, की आपल्या ‘एकोणतीस’सारखी रचना तेथे नाही; ते नऊ आणि वीस असेच म्हणतात.

उच्चारांच्या बाबतीतही आपण रिक्तहस्त नाही. ‘चहा’मधील च आणि ‘चमचा’मधील च वेगळे आहेत. या दुसऱ्या ‘च’चा ध्वनी म्हणजेच जर्मनमधील ‘त्स’. दहा या अर्थाचा ‘त्सेन’ हा शब्द त्यानेच सुरू होतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेद आपण शिकलो आहोत. तेथेही ऱ्हस्व ‘श्टाट’ म्हणजे शहर आणि दीर्घ ‘श्टाऽट’ म्हणजे राज्य. मात्र काही स्वर आपल्याकडे मुळीच नाहीत. त्यांपैकी एकासाठी ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करून ‘ई’ म्हणण्याचा सराव आरशासमोर उभे राहून करावा.

शिष्टाचारही भाषेतच असतो. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. रुग्णाला, वरिष्ठांना व अपरिचित प्रौढांना ‘झी’ म्हणावयाचे. घरातील वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करणाऱ्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागू नये.

विद्यार्थी मित्रहो, हे भांडवल तुमच्याजवळ आहे. परंतु नुसत्या भांडवलावर व्यापार होत नाही, त्याला श्रमाची जोड लागते. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत. परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणतः चौथी पायरी, म्हणजे बी-२, गाठावी लागते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे तेथवर पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास. रोज दीड तास दिला, तर हे ३०० ते ४०० दिवसांचे काम होते. तेव्हा तीन महिन्यांत सर्व काही शिकवून परदेशी पाठविण्याचे आश्वासन देऊन कोणी मोठी रक्कम मागू लागला, तर प्रथम हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. या विषयात गावकऱ्यांना सावध करणे हे पंचायत सदस्यांचेही कर्तव्य आहे. कारण अशा वेळी बहुधा शेत किंवा दागिना गहाण पडतो.

अभ्यास रोज करावा. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा दररोजचा एक तास अधिक फळ देतो. आधी कान, मग जीभ, नंतर लेखणी हा क्रम ठेवावा. डॉइच वेल या जर्मन प्रसारण संस्थेचे पाठ संगणकावर किंवा मोबाईलवर विनामूल्य मिळतात; ते ऐकावेत, थांबवावेत, मोठ्याने म्हणावेत आणि ऐकून लिहून काढावेत. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा कामाची पूर्ण वाक्ये पाठ करावीत. “वो टूट एस वे?”, म्हणजे “कोठे दुखते?”, एवढे एक वाक्य योग्य स्वरात विचारता आले तरी रुग्णाला धीर येतो.

परकी भाषा जवळ करणाऱ्यांची उदाहरणे आपल्याच भूमीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. हायडेलबर्गचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रात धनगरांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐकल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. जर्मन विद्वानाला धनगरी ओवी कळू शकते, तर धनगरवाड्यावरील मुलीला जर्मन रुग्णाचे बोलणे का कळू नये?

शेवटी शिक्षकांना एक विनंती. मराठी व्याकरणाचा तास हा गुणांपुरता उरकण्याचा तास मानू नये. विभक्ती, समास आणि प्रयोग ज्याला आपल्या भाषेत उमगले, त्याला जगातील दुसरी कोणतीही भाषा सर्वस्वी अनोळखी राहत नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या वाचनालयात एक संगणक व रोजचा एक निवांत तास अशा मुलांसाठी राखून ठेवला, तर खर्च थोडा होईल आणि लाभ पिढीला मिळेल. विद्यार्थ्यांनी मराठीचे बोट न सोडता जर्मनचा हात धरावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.