वकीलपत्र कोणाचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने एका मोठ्या वकिलावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण ज्याची गेली तीस वर्षे कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखा मोजण्यात गेली, त्याला वकील ही जात जवळून पाहावी लागतेच. मी कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. निकालपत्रे मिळवावीत, शब्दकोश मांडीवर घ्यावा आणि रात्री वाचत बसावे, एवढेच माझे शिक्षण. तेव्हा मी येथे बोलणार ते पक्षकाराच्या बाकावरून. त्या बाकावरून न्यायाधीशाचा चेहरा दिसतो, पण आपल्या वकिलाची मात्र पाठच दिसते. ती पाठ कोणाची आहे, हे ओळखायला शिकणे आम्हांला भाग पडते.

ज्यांच्याविषयी बोलायचे ते फली नरिमन २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाची पंचाण्णव वर्षे पुरी करून निवर्तले. मुंबईतल्या नरिमन पॉइंटला ज्यांचे नाव आहे ते खुर्शीद नरिमन वेगळे. घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगतो. फली नरिमन यांनी सरकारी पदही भूषविले आणि खाजगी वकिलीही केली. आणि दोन्हीकडे ते वागले ते सारखेच निर्दोष होते असे मला वाटत नाही. म्हणूनच मी त्यांना निवडले. केवळ आरती ओवाळायची असती तर त्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती.

प्रथम अपील म्हणजे काय हे दोन शब्दांत सांगतो. खालच्या कोर्टात माणूस उभा असतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यातून काढून टाकलेला एक टर्नर कामगार न्यायालयात साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्याचा तुटलेला अंगठा न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिला. निकाल त्याच्या बाजूने लागला. मालक वरच्या कोर्टात गेला. तेथे अंगठा गेला नाही. अंगठ्याविषयी टंकलिखित केलेल्या साडेतीन ओळी गेल्या. अपिलात बहुधा नवी साक्ष होत नाही, उलटतपासणी होत नाही. कागदांचा बांधलेला गठ्ठा असतो आणि कायद्याचा मुद्दा असतो. त्या गठ्ठ्यातून जो वकील न्यायाधीशापुढे मुद्दा स्वच्छ उभा करतो, तो अपिलाचा वकील. हे काम बुद्धीचे आहे, थोर आहे. पण त्यात एक धोका आहे. पक्षकाराचे तोंडही न पाहता वकिलाचे सारे आयुष्य जाऊ शकते.

नरिमन यांचा जन्म १० जानेवारी १९२९ रोजी रंगूनला झाला. १९४२ मध्ये जपान्यांचे आक्रमण झाले तेव्हा हे पारशी कुटुंब ब्रह्मदेश सोडून हिंदुस्थानात आले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकून १९५० साली ते मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभे राहिले. सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये त्यांची उमेदवारी झाली. याच चेंबरने सीरवाई आणि पालखीवालाही दिले. कांगा स्वतः एके काळी मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते. म्हणजे सरकारी पद आणि खाजगी वकिली ही ये-जा त्या चेंबरला नवी नव्हती. सुमारे बावीस वर्षे मुंबईत काढल्यावर मे १९७२ मध्ये नरिमन भारत सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले आणि दिल्लीला गेले.

आता सरकारचा वकील कोणाचा? मंत्र्यांचा, खात्याचा, की ज्यांच्या पैशातून त्याला फी मिळते त्या जनतेचा? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मुंबईतच मिळाले होते. आयुर्विमा महामंडळाचे पैसे मुंदडा यांच्या कंपन्यांत कसे गुंतवले गेले याची चौकशी १९५८ साली न्यायमूर्ती छगला यांच्यापुढे उघडपणे झाली. तेथे भारताचे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या साहाय्याला उभे राहिले आणि आपल्याच सरकारच्या मंत्र्यांना व सचिवांना त्यांनी प्रश्न विचारले. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सेटलवाड मात्र पुढेही १९६३ पर्यंत त्या पदावर राहिले. सरकारचा वकील सरकारला प्रश्न विचारू शकतो आणि तरीही त्याचे पद राहते, असा तो काळ होता.

१९७५ साली हा काळ संपला. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. नरिमन तेव्हा मुंबईत होते. दोन दिवसांच्या आत त्यांनी एका ओळीचा राजीनामा पाठवून दिला. सभा नाही, पत्रक नाही. वर्तमानपत्रांवर तपासनीस बसवले होते, त्यामुळे त्या राजीनाम्याचा गवगवाही झाला नाही. कोणाला वाटेल, एका ओळीने काय साधले? त्यासाठी पुढच्या वर्षी काय घडले ते पाहावे लागते. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसांना न्यायालयात दाद मागता येईल की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूने कौल दिला होता. सरकारच्या वतीने ॲटर्नी जनरल नीरेन डे उभे होते. न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले की, उद्या एखाद्या शिपायाने वैरापोटी माणूस मारला तर त्यालाही इलाज नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असेच उत्तर सरकारी वकिलाला द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो एक म्हणजे खन्ना. सर्वोच्च न्यायालयानेच हा निकाल चुकीचा ठरवला, पण त्याला २०१७ साल उजाडावे लागले.

त्या बाजूला बसण्याची पाळी नरिमन यांच्यावर आली नाही, कारण ते आधीच उठले होते. आमच्या चळवळीत आम्ही म्हणतो, संप केव्हा करायचा हे कळते तो पुढारी. तसेच, वकीलपत्र केव्हा परत करायचे हे कळते तो वकील, असे म्हणायला हरकत नाही. येथपर्यंतची गोष्ट सांगून मी थांबलो असतो तर आपण समाधानाने घरी गेला असता.

परंतु पुढे भोपाळ आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कारखान्याच्या आसपास राहत होते ते हातावर पोट असलेले लोक. हजारो माणसे मेली, लाखो आयुष्यभराची अधू झाली. १९८५ साली संसदेने एक कायदा केला आणि या सर्वांच्या वतीने दावा लावण्याचा हक्क एकट्या भारत सरकारकडे घेतला. दावा अमेरिकेत लागला. तेथील न्यायाधीशाने १९८६ मध्ये तो भारतात पाठवला. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने अंतरिम मदत म्हणून ३५० कोटी रुपये द्यायला सांगितले, उच्च न्यायालयाने ते २५० कोटींवर आणले आणि त्यावरची अपिले सर्वोच्च न्यायालयात आली. कार्बाइडचे वकीलपत्र नरिमन यांच्याकडे होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अपील होते ते केवळ अंतरिम रकमेवर. मूळ खटला पुराव्यापर्यंत पोचलाच नव्हता. खोकणारी बाई पिंजऱ्यात आली नाही, आंधळा झालेला हमाल आला नाही. आणि त्याच अपिलात, फेब्रुवारी १९८९ मध्ये, सारा दावा ४७ कोटी डॉलरांना मिटवण्यात आला. सरकारची मूळ मागणी ३०० कोटी डॉलरांहून अधिक होती. तडजोडीची कारणे देताना मृत्यूंचा आकडा सुमारे ३,००० धरला होता. पुढे दाव्यांच्या छाननीत ५,००० हून अधिक मृत्यू मान्य झाले. १९९१ साली फेरविचारात फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले, पण रक्कम तीच राहिली. सरकारने वाढीव रकमेसाठी केलेला शेवटचा अर्जही मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला.

आमच्यातले पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, ज्याने आणीबाणीत राजीनामा दिला त्याने कार्बाइडचे वकीलपत्र घ्यावेच कसे? हा राग मला समजतो. तरीही मी एकदम शिव्या द्यायला तयार नाही. वकिलांच्या परिषदेचा नियमच असा आहे की योग्य फी मिळत असेल तर वकिलाने येईल तो पक्षकार घ्यावा. खास कारण असेल तरच नाकारावा. हा नियम आमच्याही उपयोगाचा आहे. संपात दगडफेकीच्या आरोपाखाली पकडलेल्या पोरांना वकील मिळतो तो याच नियमाच्या आधाराने. आरोपीच्या वकिलाला आरोपी समजायचे ठरवले तर पहिला फास आमच्याच गळ्यात पडेल.

शिवाय भोपाळमधला मोठा अन्याय कार्बाइडला हुशार वकील मिळाला हा नव्हता. कंपनीजवळ पैसा होता, वकील मिळणारच. अन्याय असा की, समोरच्या बाकावर ज्याचे फुप्फुस जळले त्याचा स्वतःचा वकील नव्हता. त्याचे वकीलपत्र कायद्याने सरकारकडे गेले होते, आणि सरकारने त्याला न विचारता तडजोड केली. युनियनमध्ये सभासदांची सभा न घेता करारावर सही केली तर दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याला गेटवर उभे राहता येत नाही. सरकारला मात्र ते जमले.

पण म्हणून नरिमन यांची सुटका होते काय? त्यांनी स्वतःच ती करून घेतलेली नाही. २०१० साली त्यांचे आत्मचरित्र निघाले, त्यात भोपाळवर प्रकरण आहे. पुढे मुलाखतीतही त्यांनी सांगितले की, त्या वयात आणखी एक मोठा खटला हाती यावा ही महत्त्वाकांक्षा होती. पुन्हा संधी मिळाली तर आपण ते काम घेणार नाही. तो खटला नसून एक शोकांतिका होती, हे फार उशिरा उमगले. ऐंशी वर्षांच्या, सारे मानसन्मान मिळवलेल्या माणसाला हे बोलण्याची सक्ती कोणी केली नव्हती. मला त्यात अपिलाच्या धंद्याचे नेमके दुखणे दिसते. गठ्ठा वाचला, मुद्दा पकडला, माणूस दिसला नाही. एवढा सज्जन, एवढा तीक्ष्ण माणूस चकतो, तर बाकीच्यांचे काय?

आणि तो अनुभव वाया गेला नसावा. पुढे नर्मदेच्या धरणाच्या खटल्यात ते गुजरात सरकारचे वकील होते. त्या धरणाने आपल्या अक्कलकुवा-धडगावची आदिवासी गावेही बुडणार होती. १९९८ साली गुजरातेत ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, बायबल जाळले गेले. तेव्हा त्यांनी त्या सरकारचे काम सोडून दिले. बुडणाऱ्या गावांसाठी त्यांनी ते सोडले नाही, हेही मी नमूद करतो. पण दावा एका विषयाचा आणि अत्याचार दुसऱ्या विषयाचा, असे म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत.

बंधुभगिनींनो, मोठ्या वकिलाची सद्सद्विवेकबुद्धी जागी राहावी यावर गरिबाचा न्याय अवलंबून ठेवता येणार नाही. नोकरीवर परत घेण्याचा हुकूम झाला की मालक अपिलात जाई आणि कामगार उपाशी मरे. यावर संघटनांनी वर्षानुवर्षे ओरड केली. १९८२ साली औद्योगिक विवाद कायद्यात १७-ब हे कलम घालण्यात आले आणि अपील चालू असेपर्यंत शेवटचा पगार देण्याचे बंधन मालकावर आले. हे कुणा वकिलाच्या दयेने झाले नाही. घटनेत १९७६ साली मोफत कायदेसाहाय्याचे तत्त्व आले, १९८७ साली त्याचा कायदा झाला. तालुक्याच्या कोर्टातही त्याची समिती असते. आपल्यापैकी किती जणांनी तिचे दार पाहिले आहे?

आमच्या युनियनचा एक रिवाज सांगतो. प्रकरण वरच्या कोर्टात गेले की आम्ही ज्येष्ठ वकिलाकडे नुसते कागद पाठवीत नाही. कामगाराला बरोबर नेतो. वकीलसाहेब कधी त्रासतात. वेळ नाही म्हणतात. आम्ही म्हणतो, दोन मिनिटे पुरेत, त्याला काही बोलायचे नाही. तो टर्नर असाच गेला आणि गप्प खुर्चीवर बसून राहिला. वकिलांनी गठ्ठा चाळता चाळता वर पाहिले, चष्मा काढला आणि विचारले, "हाच का तो हात?"

त्या दिवशी युक्तिवाद त्या साडेतीन ओळींपासून सुरू झाला. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून अधिक बोलत नाही.