आधी चुंबक लावा, मग भांडे घ्या



मी मुलुंडला मुलाकडे राहतो. त्याने विजेची शेगडी आणली. तिला इंडक्शन म्हणतात. आमच्या मंडळींनी तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चहा ठेवला. शेगडी नुसती पीं पीं करू लागली. पाणी थंडच! शेगडी बिघडली असे समजून मी ती परत करायला निघालो.

तेवढ्यात नातवाने खेळातले लोहचुंबक आणले. पातेल्याला ते चिकटेना. सपाट लोखंडी तव्याला मात्र घट्ट चिकटले. तवा शेगडीवर ठेवला, तो लगेच तापला!

असे का झाले? या शेगडीत जाळ नसतो. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळली की चुंबकाची शक्ती तयार होते. तिच्यामुळे लोखंडात वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि भांड्याचे बूडच तापते. साध्या तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याचे तिथे काम नाही. स्टीलचे काही भांडे चालते, काही चालत नाही.

म्हणून बाजारात जाताना खिशात चुंबक ठेवा. ते बुडाला लावून पाहा. बूड सपाट हवे. दोन-तीन भांडी पुरतात. घरची पितळी भांडी मोडीत घालू नका. कल्हई लावा, ती गॅसवर आणि चुलीवर चालतातच. दुकानदार सांगेल ते ऐका, पण चुंबक सांगेल ते माना.